लेबलखोली

उणे अठराच्या दाराला लागून माझी खोली.
टेबल, शिक्के, तापलेल्या शाईचा वास सोडणारा प्रिंटर,
आणि भिंतीवर, तसबिरी असतात त्या उंचीला,
कार्टनवरच्या लेबलांचे सहा लिप्यांतले नमुने.
एकवीस वर्षं मी म्हाकुलाला देश चिकटवतोय.
दर्यात त्याला देश नव्हता,
मिरकरवाड्याच्या जेटीवरही नव्हता,
तिथं होता फक्त भाव
आणि क्रेटच्या तळाशी त्यानं रागानं सोडलेली शाई.

फाल्गुनात तिकडं सरकार बदललं.
तिकडं म्हणजे जिथं आपला माल जातो तिथं,
आमच्याकडं नकाशा एवढाच.
शपथविधी टपरीवरच्या टीव्हीत पाहिला
पर्ससीनच्या दोन मालकांनी, चहावाल्या रिझवाननं,
आणि जाळं सांधता सांधता नेपाळच्या खलाशांनी,
ज्यांच्या देशाला समुद्रच नाही.
नवा माणूस बरा बोलत होता.
फक्त त्या दुसऱ्या मोठ्या देशाचं नाव आलं तेव्हा
त्यानं पाण्याचा पेला उचलला
आणि न पिता खाली ठेवला.
रिझवान म्हणाला, "झाला. बळ्याचा भाव गेला."
आम्ही हसलो.

चौथ्या दिवशी गेला. किलोमागं अठ्ठावीस रुपये.

भांडण त्या दोघांचं, त्यात आमचा बळा कुठं आला?
मॅनेजर तेंडोलकरांनी टेबलावर मांडून दाखवलं:
स्टेपलर हा एक देश, पंचिंग मशीन दुसरा,
मधली टाचणी म्हणजे आपण.
हा त्याच्यावर कर बसवणार,
तो ह्याची जहाजं तपासणीत कुजवणार,
अडलेला माल मग तिसऱ्याच्या बाजारात
मिळेल त्या दरानं उतरणार,
आणि तिसऱ्याच्या बाजारात आधीच उभे आहोत...
तेवढ्यात टाचणी टेबलाखाली गेली.
आम्ही चौघं ओणवे होऊन शोधत राहिलो.

तीन कंटेनर अर्ध्या वाटेवरून फिरले.
बंदरात उभे, रोजची वीज खात.
कोळंबी सोलणाऱ्या बायकांना एक दिवसाआड बोलावणं,
मग आठवड्यातून दोनदा, मग फोन करू.
शमशाद मुकादमीण हातमोजे मोजून कपाटात ठेवत होती,
म्हणाली, "लेबलांचा काय करायचा आता?"
चाळीस हजार. सगळी त्या एका लिपीतली.
मागणीपत्रावर सही माझी.
तिनं दोन गठ्ठे पदराखाली नेले, मी प्रिंटरकडं बघत राहिलो.
जूनमध्ये राजिवड्याच्या शाळेत
पाचवीतल्या पोरांच्या वह्यांवर तीच लेबलं:
नाव आफरीन, विषय भूगोल,
निव्वळ वजन दहा किलो.

नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी
कोण कुणाला कुठंसं भेटलं.
रिझवाननं मोबाइलवर हस्तांदोलन मोजलं, अकरा सेकंद.
"सुरमई चढंल."
"अकरात काय चढतंय! मागच्या खेपंला चौदा होते."
तरी आठवड्यात ऑर्डर आली,
नव्या देशाची, नव्या लिपीत,
गळाच्या आकड्यांसारखी अक्षरं, एकात एक अडकलेली.
मी नमुना हातात धरून उभा:
ह्याची वरची बाजू कुठली?
शमशादनं घेतला, फिरवला, पुन्हा फिरवला.
"चित्र बघा की. डोकी कुठं हाय, ता वर."
चित्र म्हाकुलाचं होतं,
जो दर्यात पाठमोरा पळतो.

अंदाजानं चिकटवली. अजून तक्रार नाही.
टाचणी मात्र सापडलेली नाही.
अनवाणी आत येऊ नये, असं मी दारावर लिहून ठेवलंय,
मराठीत, शमशादकडून उर्दूत.
नेपाळी कुणाला येत नाही.